दुसऱ्याच्या संघाची पारख

फुटबॉल हा आमच्या सीमाभागाला परका खेळ नव्हे. बेळगावचे सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ साली स्थापन झाले. त्या शाळेच्या मैदानावर मुलांच्या कित्येक पिढ्यांनी गुडघे फोडून घेतले आहेत, आणि फादर एडी यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या आंतरशालेय स्पर्धेत ज्याच्या मुलाने एकदा तरी गोल केला, तो बाप पुढे वर्षभर त्या गोलाखेरीज दुसरे काही बोलत नाही. निपाणीची गोष्ट थोडी निराळी. निपाणीकर बेळगाव जिल्ह्यात राहतो खरा, पण फुटबॉल म्हटले की त्याचे तोंड आपोआप उत्तरेला वळते. कोल्हापूर तेथून अवघे चाळीस किलोमीटर, आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की निपाणीच्या चहाच्या दुकानांत तंबाखूच्या भावाइतकीच पाटाकडील तालमीच्या आघाडीची चर्चा होते.

कोल्हापूरचा हा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तेथील बहुतेक जुने संघ तालमींतून आणि पेठांच्या मंडळांतून निघाले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावेच पाहा. कुस्तीच्या आखाड्याची माती अंगाला लागलेली माणसे फुटबॉलकडे वळली, आणि पेठेची ईर्षा त्यांनी बरोबर आणली. तेथे कोणी संघ निवडत नाही. ज्या पेठेत पाळणा हलला, त्या पेठेचा संघ आपला. ही निष्ठा मोठी देखणी आहे; क्वचित ती गॅलरीतून हाणामारीपर्यंतही गेलेली आहे. या मातीतून अनिकेत जाधव हा खेळाडू पुढे आला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, हे आमच्या भागातील मुले अजून अभिमानाने सांगतात.

परंतु आज आम्ही ज्या खेळाविषयी लिहिणार आहोत, तो मैदानावर खेळलाच जात नाही. तो मोबाइलवर आणि क्वचित वहीवर खेळला जातो. त्याला फँटसी लीग असे म्हणतात. पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांचा असा समज आहे, की हा सगळा जुगाराचाच एक प्रकार. तो समज पूर्णपणे खोटा नाही आणि पूर्णपणे खराही नाही. म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

खेळाचे स्वरूप असे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात आणि प्रत्येक संघ वर्षाला अडतीस सामने खेळतो. फँटसी लीगमध्ये भाग घेणाऱ्याला आरंभी दहा कोटी काल्पनिक पौंड मिळतात. सोयीसाठी आपण त्यांना शंभर रुपये म्हणू. प्रत्येक खऱ्या खेळाडूला किंमत लावलेली असते. शंभरांत पंधरा गडी बसवायचे: दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीचे आणि तीन आघाडीचे. एका संघातून तिघांहून अधिक घ्यायचे नाहीत. दर आठवड्याला त्या पंधरांतून अकरा उतरवायचे आणि त्यांतील एकाला कर्णधार नेमायचे. मग शनिवारी-रविवारी खरे सामने होतात, आणि आपल्या गड्यांनी मैदानावर जे केले त्याचे गुण आपल्याला मिळतात. आघाडीच्या गड्याने गोल केला तर चार, मधल्या फळीच्या गड्याने केला तर पाच, बचावपटूने केला तर सहा. संघावर एकही गोल झाला नाही तर गोलरक्षक आणि बचावपटू यांना चार. पिवळे कार्ड मिळाले की एक गुण जातो, तांबडे मिळाले की तीन. कर्णधाराचे गुण दुप्पट. दर आठवड्याला एक गडी फुकट बदलता येतो. त्याहून जास्त बदलायचे तर प्रत्येकी चार गुण मोजावे लागतात.

आता पेठेच्या निष्ठेशी याची तुलना करा. तेथे संघ जन्माने मिळतो. येथे तो हिशेबाने उभा करावा लागतो. तेथे प्रतिस्पर्ध्याचा गोल म्हणजे काळजावरचा घाव; येथे मात्र आपल्या आवडत्या संघावर गोल करणाराच आपला कर्णधार असू शकतो, आणि रात्री साडेआठ वाजता हसावे की रडावे हे माणसाला कळत नाही. पेठेत वाढलेल्या माणसाला हा प्रकार आरंभी थोडा बाटल्यासारखाच वाटतो.

या खेळाचा उगम अमेरिकेतला. १९६२ साली ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी काही मित्रांबरोबर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्याचे नियम बांधले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या घरातच आठ जणांनी आपापले गडी निवडले. तो त्यांचा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हाताने खेळायचा; पण तत्त्व हेच. गुण वर्तमानपत्रातील बातम्यांवरून मोजले जात. आपला फुटबॉल या खेळात आला तो बराच नंतर. इटलीत रिकार्दो आल्बिनी यांनी आणि १९९१ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेनस्टीन यांनी तो चालू केला. प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ २००२ साली निघाला आणि आता जगभर एक कोटीहून अधिक माणसे तो फुकट खेळतात. बुद्धिबळातील जगज्जेता मॅग्नस कार्लसन हा २०१९ सालच्या डिसेंबरात या सर्वांच्या वर, पहिल्या क्रमांकावर होता. तेव्हा यात डोके लागत नाही असे कोणी म्हणू नये.

मात्र एक कोटी अनोळखी माणसांत आपला क्रमांक कितवा, यात खरी गोडी नाही. गोडी आहे ती मित्रांच्या लहान लीगमध्ये. एक सांकेतिक अक्षरमाला मित्रांना पाठवायची, की तेवढ्यांचाच वेगळा तक्ता तयार होतो. आमच्या मंडळीत आठ जण आहेत. खानापूरचे एक निवृत्त मास्तर आणि कॉलेजात शिकणारी त्यांची नात, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, ज्यांना सर्व जण अण्णा म्हणतात, बेळगावच्या रुग्णालयातील एक नर्सबाई, बसचे कंडक्टर, ते सर्वांचे मामा, उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण, मस्कतला गेलेले एक मित्र, आणि आम्ही. वर्गणी नाही, बक्षीस नाही. जो शेवटी राहील त्याने सर्वांना एकदा जेवू घालायचे, एवढाच करार.

या मंडळीत एक चाल पडली आहे, आणि आमच्या मते तीच या साऱ्या खेळाचा गाभा आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने एका संघाची पारख लिहायची. परंतु आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या. कोणी कोणाची लिहायची हे चिठ्ठ्या टाकून ठरते. पंधरा गडी पाहायचे, पैसा कोठे घातला आणि कोठे राखला हे पाहायचे, आणि संघाचे बळ व उणे सर्वांसमक्ष वाचून दाखवायचे. माणूस शंभर रुपये कसे खर्च करतो हे पाहिले, की माणूस कळतो. वीस वर्षांच्या ओळखीत जे कळले नाही ते एका पारखीत कळते असे अण्णा म्हणतात, आणि उधारीचा धंदा करणाऱ्या माणसाचे हे मत वाचकांनी हलके समजू नये.

२०२४ सालची पारख उदाहरणादाखल सांगतो. हंगाम १६ ऑगस्टला, शुक्रवारी सुरू व्हायचा होता. संघ पक्के करण्याची मुदत आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री अकराची. आदल्या दिवशी १५ ऑगस्ट. स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी येतो, त्यामुळे आमच्यापैकी काही जण मिस्सा आटोपून, काही झेंडावंदन आटोपून आणि काही दोन्ही आटोपून मास्तरांच्या पडवीत जमले. मस्कतचे मित्र मोबाइलच्या पडद्यावर होते.

त्या वर्षी सर्वांपुढे एकच मोठा प्रश्न होता. मँचेस्टर सिटीचा आघाडीवीर अर्लिंग हालांड याची किंमत होती पंधरा. लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहची साडेबारा. दोघे घ्यायचे तर साडेसत्तावीस गेले, आणि उरलेल्या साडेबहात्तरांत तेरा गडी बसवायचे. म्हणजे माणशी साडेपाच-पावणेसहा. तेवढ्यात नाव घेण्यासारखा गडी मिळणे कठीण. म्हणून बहुतेकांनी एकाला घेतले आणि एकाला सोडले.

अण्णांनी दोघेही घेतले. त्यांची पारख मास्तरांकडे होती. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचले, की अण्णांच्या घरी दोन पाहुण्यांना श्रीखंड-पुरी आणि तेरा जणांना आंबील आहे. पाहुणे खूश होतील, पण त्यांतला एक आजारी पडला तर आंबील पिणारे पंगत सांभाळतील काय? अण्णा म्हणाले, "मास्तर, बाजारात चालतो तो माल दोनच प्रकारचा असतोय ओ. बाकी सगळा वजनाला."

मास्तरांचा स्वतःचा संघ नेमका उलट होता. नऊच्या वर एकही गडी नाही, चारांच्या खाली एकही नाही. पंधरा जण एका मापाचे. नर्सबाईंनी लिहिले, की हे पथ्याचे जेवण आहे. तब्येतीला उत्तम, परंतु कर्णधार कोण? ही शंका वरवरची नव्हती. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात म्हणून या खेळात एक मोठा गडी हा प्रत्यक्षात दोन गड्यांच्या तोलाचा असतो. त्याची किंमत पंधरा दिसली तरी ती दोघांत वाटली जाते. समतोलावर श्रद्धा असणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटत नाही. मास्तरांना अजूनही पटलेली नाही.

नर्सबाईंनी आपला पैसा बचावात घातला होता. आर्सेनलचा गोलरक्षक राया आणि सलिबा व गाब्रिएल हे दोन बचावपटू, असे एकाच संघाचे तिघे. पुढे सलाह आणि मग जे मिळेल ते. आदल्या हंगामात सर्वांत कमी गोल स्वीकारले होते ते आर्सेनलने, तेव्हा विचार पक्का होता. पण तिघेही एका संघाचे असल्याने आर्सेनलवर एक गोल झाला की तिघांचे चार-चार गुण एकाच क्षणी जाणार. अण्णांनी लिहिले, की सगळ्या पेंड्या एकाच वखारीत ठेवल्या आहेत, आणि वखारीला आग एकदाच लागते. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, की रात्रपाळीत बारा वर्षे काढल्यावर माणूस गोल करण्यापेक्षा गोल न होण्याची किंमत जास्त धरतो.

मामांची पारख मास्तरांच्या नातीने लिहिली. मामा मँचेस्टर युनायटेडचे भक्त. त्यांनी नियमाने घेता येतात तेवढे, म्हणजे तिघे, आपल्याच संघाचे घेतले होते. मुलीने लिहिले, "मामांची गाडी भरली होती, तरी आपल्या गावचे तीन उतारू त्यांनी तिकिटाशिवाय चढवले." पडवीत हशा उसळला, मामाही हसले, पण गडी बदलले मात्र नाहीत. निष्ठा म्हणून मिळते ती हीच, आणि आम्हाला ती आवडते. जरी तक्त्यात तिला गुण नसले तरी.

आमच्या वाट्याला त्या मुलीचा संघ आला होता. तिने महागड्यांपैकी चेल्सीचा कोल पामर साडेदहाला घेतला होता. पण पाहण्यासारखे होते ते स्वस्त गडी. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ख्रिस वुड सहाला आणि ब्रेंटफर्डचा ब्रायन म्बेउमो सातला. ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही अशा घरांत चांगली स्थळे शोधणाऱ्या जुन्या आत्यांची दृष्टी या मुलीला आहे, असे आम्ही लिहिले. आमच्या संघाविषयी मस्कतहून दोनच ओळी आल्या, त्या येथे देत नाही.

राहिला तो लेथवरचा तरुण. त्याची पारख मामांकडे होती. एरवी हा मुलगा सर्वांत हुशार; कोणाचा घोटा दुखतो, कोण नवा प्रशिक्षक कोणाला बसवणार, हे त्याला तोंडपाठ असायचे. मामांनी कागद उघडला आणि फार थोडे वाचले. हा संघ याने निवडलेला नाही, असे त्यांनी लिहिले होते. पंधरा गडी आपोआप भरून देणारे एक बटण त्या खेळात असते, ते दाबून संघ भरला आहे. त्यात तीन गडी असे आहेत, की ज्यांना यंदा मैदानावर उभे राहायलाही मिळणार नाही, आणि हे याला माहीत नसणे शक्य नाही. शेवटचे वाक्य होते, "लेका, तुझं चित्त कुठं आहे?"

पडवीत कोणी हसले नाही. त्याच मुलाने मस्कतच्या मित्रांची पारख लिहायची होती. तीही त्याने लिहिली नव्हती. कामावर गर्दी आहे एवढे सांगून तो उठून गेला.

दोन दिवसांनी तो मामांना बसस्थानकावर भेटला, आणि तेव्हा सर्व उलगडले. पाच महिन्यांपासून तो पैसे लावून खेळायच्या एका ॲपवर रोज संघ लावीत होता. प्रथम एकोणपन्नास रुपये, मग शंभर, मग एका रात्री अनेक संघ. एकदा सात हजार जिंकले, आणि ते सात हजारच त्याला महागात पडले. पतसंस्थेतून घरदुरुस्तीच्या नावाने काढलेले कर्ज त्यात गेले होते. घरी आईला ठाऊक नव्हते. जो खेळ तो आमच्यात तीन वर्षे हसत खेळत होता, त्यात त्याला आता रस उरला नव्हता. कारण अडतीस आठवडे थांबण्याची सवयच मोडली होती.

येथे थोडे थांबून कायद्याविषयी सांगितले पाहिजे, कारण सीमाभागात तो मोठा चमत्कारिक रीतीने अनुभवास आला. पैशाच्या फँटसी खेळातील भारतातले सर्वांत मोठे नाव ड्रीम इलेव्हन. ही कंपनी हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईत काढली. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा वाद न्यायालयांत गेला, आणि २०१७ साली पंजाब व हरियाना उच्च न्यायालयाने तो कौशल्याचा ठरविला. पुढे कर्नाटक सरकारने २०२१ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्या ऑक्टोबरात ड्रीम इलेव्हनने कर्नाटकातील आपला व्यवहार थांबविला. म्हणजे निपाणीत जे बंद झाले ते पलीकडे कागलात सुरूच राहिले. भाषेवरून, रस्त्यावरून, शाळेवरून या सीमेची जाणीव आम्हाला रोज होते. आता ती मोबाइलातही शिरली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवून रद्द केली. त्यानंतर २०२५ साली संसदेनेच कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारला आणि पैशाचे सर्व ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा त्याच दिवसांत बंद केल्या. पैसे न लावता खेळायच्या खेळांना हा कायदा आड येत नाही.

कौशल्याच्या युक्तिवादात आम्हाला अर्धे सत्य दिसते. अडतीस आठवडे चालणाऱ्या खेळात जाणकार माणूस बहुधा वर येतो, कारण एका आठवड्याचे दुर्दैव दुसऱ्या आठवड्याच्या सुदैवाने फिटते. पण एका रात्रीच्या एका सामन्यावर लक्षावधी अनोळखी माणसांविरुद्ध संघ लावला, की पेनल्टी खांबाला लागली एवढ्यानेही सारे बुडते, आणि तेथे कौशल्याला आपले काम करायला वेळच मिळत नाही. शिवाय तेथे तुमच्या संघाची पारख करणारे कोणी नसते. तुमचे चित्त कोठे आहे हे विचारणारा मामा त्या ॲपमध्ये नाही.

मास्तर त्या मुलाबरोबर पतसंस्थेत गेले आणि हप्ते बांधून घेतले. आईला सांगण्याचे काम नर्सबाईंनी पत्करले, आणि ते सर्वांत अवघड होते. आईने तीन दिवस मुलाशी शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याचा पगार आपल्या हाती मागून घेतला. ती व्यवस्था अद्याप चालू आहे. हप्ते अजून पुरते फिटलेले नाहीत.

आणि हंगाम? तो असा गेला. हालांडने पहिल्या तीन सामन्यांत सात गोल मारले, त्यांत लागोपाठ दोन वेळा तीन-तीन. सप्टेंबरात अण्णांच्या फोनवरचे अभिनंदन थांबत नव्हते. मग २८ सप्टेंबरला पामरने ब्रायटनविरुद्ध पहिल्याच अर्धात चार गोल केले आणि मास्तरांची नात एकदम वर आली. नोव्हेंबरात सिटीची घडी विस्कटली. लीगमधील चार सामने लागोपाठ हरले. अण्णांनी व्यापाऱ्याच्या निर्दयतेने हालांडला विकला आणि सलाहला कायमचा कर्णधार केले. सलाहने त्या हंगामात एकोणतीस गोल केले, अठरा गोलांना साह्य केले, आणि फँटसी लीगमध्ये ३४४ गुण मिळविले. तेवढे त्यापूर्वी कोणालाच मिळाले नव्हते. त्याची नोंद मधल्या फळीत असल्याने त्याच्या प्रत्येक गोलाला चारऐवजी पाच गुण, ही बारीक गोष्टही ध्यानात घ्यावी. वुड आणि म्बेउमो यांनी प्रत्येकी वीस गोल केले. परंतु मुलीने वुडला ऑक्टोबरातच काढले होते, आणि डिसेंबरात परत घेताना वाढलेली किंमत मोजली. आर्सेनलने त्याही वर्षी सर्वांत कमी, चौतीस, गोल स्वीकारले. नर्सबाईंची वखार जळली नाही. अण्णा पहिले, नर्सबाई दुसऱ्या. मास्तर मध्यभागी, आपल्या संघासारखेच.

मँचेस्टर युनायटेड पंधराव्या स्थानी राहिले. मामा आठवे.

लेथवरच्या तरुणाने सप्टेंबरात आपला संघ नव्याने लावला आणि सहावा आला. पण यंदा त्याने आणि मास्तरांनी मिळून जी गोष्ट काढली आहे, ती आम्हाला तक्त्यातील स्थानापेक्षा अधिक लक्षात ठेवण्यासारखी वाटते. मास्तरांनी शाळेची एक लांब वही आणली असून तीत कोल्हापूरच्या के. एस. ए. लीगचा काल्पनिक खेळ मांडायचे ठरले आहे. मोबाइलाची गरज नाही. तालमींच्या खेळाडूंची नोंदणी झाली की नावे कळतात. सामना झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला मारला हे छापून येते. विंकेनबाख आणि त्यांचे मित्र १९६३ साली हेच करीत होते. जे छापून येते त्याचेच गुण धरायचे, म्हणजे तंटा नको: गोलाला पाच, गोल न स्वीकारणाऱ्या गोलरक्षकाला चार, तांबड्या कार्डाला तीन वजा. खेळाडूंच्या किमती त्या तरुणाने लावायच्या; आकडे त्याला चांगले कळतात.

अडचण एकच आली, ती निपाणीकडून. एका तालमीचे दोनच गडी घ्यायचे असा नियम मास्तरांनी लिहिला, तेव्हा अण्णा चकित झाले. आजोळ कोल्हापूरचे, लहानपण पाटाकडीलच्या गॅलरीत गेलेले. प्रीमियर लीगमध्ये हालांडला क्षणात विकणारा हा माणूस म्हणाला, "दोनच? आणि उरलेले तेरा मी खंडोबाचे नि दिलबहारचे घेऊ? मास्तर, हे माझ्यानं व्हायचं नाही." मामांना त्या दिवशी झालेला आनंद वर्णन करण्यास आम्ही असमर्थ आहोत. नियम तूर्त दोनचे तीन असा दुरुस्त केला आहे, आणि अण्णांच्या संघाची पारख लिहिण्याची चिठ्ठी मामांच्या नावाने निघाली आहे.